कंपनी गेली, गाडी राहिली

परवा मित्राच्या गाडीचं काम निघालं म्हणून केडगावच्या एका गॅरेजवर तासभर बसलो होतो. शेजारी एक पांढरी तवेरा उभी होती. एमएच 17, म्हणजे श्रीरामपूर पासिंग. डावा हेडलाईट फुटलेला, त्यावर खाकी चिकटपट्टी. मालकच ड्रायव्हर. राहाता तालुक्यातला माणूस, शिर्डीची भाडी मारतो. हातात फोन, फोनवर हेडलाईटचा फोटो, आणि पलीकडून कोणी ना कोणी 'नाही' म्हणतंय.

"नगरमध्ये झालं, संभाजीनगरला झालं, पुण्यात नाना पेठेत झालं. एक जण म्हणतो आहे, पण उजवा आहे. आता उजवा घेऊन काय आरतीला लावू का?"

गाडी 2013 ची. चार लाख किलोमीटर झालेत. इंजिन एकदाही खोललेलं नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगत होता. एसी अजून थंड फेकतो. पण पुढच्या आठवड्यात पासिंग आहे, आणि फुटक्या हेडलाईटवर पासिंग होत नाही. पासिंग नाही तर भाडं नाही. भाडं नाही तर पोराच्या कॉलेजची फी नाही. सगळं एका काचेपाशी येऊन अडलेलं.

मी पत्रकार आहे हे कळल्यावर म्हणाला, "मग लिहा की भाऊ. कंपनी गेली तर गेली. आमच्या काचा कुठं घेऊन गेली?"

म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

आज विशीत असलेल्या पोरांना 'शेवरले' हे नाव इंग्रजी सिनेमातून माहीत असेल. आमच्या वयाच्या नगरकरांना ते तवेरामुळं माहीत आहे. (उच्चार शेवरले असा आहे हे मला डिप्लोमा करताना कळलं. तवेरावाले आजही 'शेवरोलेट' म्हणतात आणि त्यांचं काही अडत नाही.) 2004 साली ही गाडी आली तेव्हा जिल्ह्यात भाड्याची गाडी म्हणजे सुमो, ट्रॅक्स, नाहीतर काळी-पिवळी जीप. क्वालिस बंद होत होती, तिच्या जागी आलेली इनोव्हा सगळ्यांच्या खिशाला झेपणारी नव्हती. त्या मधल्या जागेत तवेरा बसली. नऊ-दहा माणसं, वर कॅरिअरवर बॅगा, आत टेपवर साईबाबांची गाणी. शिर्डी, शिंगणापूर, नेवासा, देवगड असा फेरा एका दिवसात. मनमाड आणि कोपरगाव स्टेशनबाहेर पहाटे या गाड्यांची रांग लागायची. लग्नाचं वऱ्हाड तवेरात, बाळंतीण घरी आणायची ती तवेरात, दवाखान्यात पुण्याला हलवायचं तेही तवेरात. 2009 ची विधानसभा मी याच गाडीत बसून कव्हर केली, मागच्या आडव्या सीटवर, गुडघे हनुवटीला टेकवून. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड. गाडीनं एकदाही दगा दिला नाही. रस्त्यांनी दिला.

खरं तर आपल्या जिल्ह्याचा या कंपनीशी संबंध तवेराच्याही आधीचा आहे. शेवरलेची मालक कंपनी जनरल मोटर्स. तिनं 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना टाकला. पेट्यांमधून सुटे भाग बोटीनं यायचे आणि इथं जोडून शेवरले गाडी बाहेर पडायची. भारतात मोटारगाड्या जुळवण्याची सुरुवात या कारखान्यानं झाली. पुढं 1 जून 1948 ला आपल्या माळीवाड्यातून पहिली एसटी पुण्याला निघाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. दरवर्षी 1 जूनला आपण सगळे या दोन नावांच्या पोस्टी टाकतो, मीही टाकतो. पण ती गाडी कोणती होती हे फारसं कोणी सांगत नाही. ती होती बेडफर्ड. बेडफर्ड हा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीचा ब्रँड, आणि व्हॉक्सहॉल 1925 पासून जनरल मोटर्सच्या ताब्यात. म्हणजे लालपरीच्या आजीचं माहेर फिरून फिरून डेट्रॉईटला जातं.

आणि मग 1954 ला जनरल मोटर्स भारतातून गेली. ही पहिली एक्झिट. फोर्डही त्याच सुमाराला गेली. त्या वेळी कारण सरकारचं धोरण होतं. टॅरिफ कमिशनच्या 1953 च्या अहवालानंतर सरकारनं सांगितलं की नुसत्या पेट्या उघडून गाड्या जोडणाऱ्यांनी इथं थांबू नये, ज्यांना टप्प्याटप्प्यानं इथंच भाग बनवायचे आहेत त्यांनीच राहावं. या धोरणाला आज भरपूर शिव्या पडतात. त्यातल्या काही योग्यही आहेत, कारण त्यानंतर तीन-चार दशकं आपल्या लोकांनी गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावला. पण त्या धोरणाची एक बाजू मला त्या हेडलाईटपाशी बसून नव्यानं कळली.

वालचंद हिराचंदांची प्रीमियर कंपनी बघा. कुर्ल्यात 1947 पासून त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवल्या. डॉज, प्लायमाऊथ, डिसोटो, आणि ट्रक म्हणजे फारगो. जुन्या ट्रकवाल्यांच्या तोंडी 'फारगो' हा शब्द आमच्या लहानपणीही होता. यातली डिसोटो 1960 च्या अखेरीला अमेरिकेत बंद पडली. प्लायमाऊथ 2001 ला. प्रीमियर मात्र तोवर फियाटकडं वळली होती आणि भाग इथंच बनवत होती. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या तोंडाशी थांबलं, तरी मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 पर्यंत धावली. तीही भाग मिळेना म्हणून थांबली नाही, वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून थांबली. ब्रँड मेल्यावर वीस वर्षं टॅक्सीवाल्याचं घर चाललं, कारण तिचा बंपर, तिची काच, तिचं पिस्टन कुठल्या तरी गल्लीत बनत होतं.

आता तवेराच्या काचेकडं परत येऊ.

जनरल मोटर्स 1994 ला परत आली, बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सबरोबर भागीदारीत. गुजरातेत हालोलला कारखाना, गाडी ओपेल अ‍ॅस्ट्रा. ओपेल जर्मन. पुढं भागीदार बाजूला झाला, आणि 2003 मध्ये कंपनीनं शेवरले हे नाव भारतात आणलं, पहिली गाडी ऑप्ट्रा. मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो. वाचनालयात पेपर उघडला की अख्ख्या पानाची जाहिरात. 'अमेरिकन गाडी' म्हटलं की आपल्याकडं एक वजन असतं. पण गंमत अशी की आपण जी शेवरले चालवली ती अमेरिकन फार थोडी होती. ऑप्ट्रा, एव्हिओ, स्पार्क या मूळच्या कोरियाच्या देवूच्या गाड्या. स्पार्क म्हणजे जुन्या मॅटिझचीच पुढची पिढी. तवेरा जपानच्या इसुझूच्या घराण्यातली. नंतर आलेल्या सेल आणि एन्जॉय चीनमधल्या भागीदारीतून. अमेरिकेचा होता तो सोनेरी बो-टायचा बिल्ला.

यात एक सूचक गोष्ट होती, ती कोणी तेव्हा बघितली नाही. देवू कंपनी भारतात बुडाली होती आणि सिएलो-मॅटिझवाले वाऱ्यावर आले होते, ते याच सुमाराला. त्याच घराण्याच्या गाड्या नवा बिल्ला लावून आल्या, आणि आपण पुन्हा रांगेत उभे राहिलो.

2008 ला तळेगावला, मावळातल्या नवलाख उंबरे गावाच्या बाजूला, कंपनीचा दुसरा कारखाना सुरू झाला. एमआयडीसीची जमीन. आपल्या जिल्ह्यातली आयटीआय, डिप्लोमावाली पोरं तळेगाव-चाकण पट्ट्यात कामाला जाऊ लागली होतीच. 2010 ला बीट आली. 2011 ला तिचं डिझेल आलं, हजार सीसीच्या आतलं, तीन सिलिंडरचं. तेव्हा पेट्रोल-डिझेलमधला फरक एवढा होता की माझ्या ओळखीच्या चार शिक्षकांनी एका वर्षात बीट डिझेल घेतल्या. कंपनीचा धंदा त्या काळात वर्षाला लाखाच्या वर गाड्यांपर्यंत गेला.

मग 2013. जुलै महिन्यात कंपनीनं 1 लाख 14 हजार तवेरा परत बोलावल्या. 2005 ते 2013 मधल्या. कारण असं की प्रदूषणाच्या चाचणीत गडबड केली होती. चाचणीला पाठवायच्या गाडीत निवडून ठेवलेलं, कमी धूर सोडणारं इंजिन बसवायचं, वजनाच्या आकड्यातही खेळ करायचा. हे कंपनीनंच कबूल केलं आणि वरच्या अधिकाऱ्यांसह पंचवीसेक जणांना घरी पाठवलं. फोक्सवॅगनचं जगभर गाजलेलं प्रकरण 2015 चं. आपल्या तवेराचं त्याच्या दोन वर्षं आधीचं. मी तेव्हा आतल्या पानावर सिंगल कॉलम बातमी लावली होती. एजन्सीची, जशी आली तशी. एकाही तवेरावाल्याला फोन करून 'तुझं काय?' असं विचारलं नाही. आज लाज वाटते. कारण चूक कंपनीतल्या लोकांनी केली आणि डाग गिऱ्हाइकाच्या दारात उभ्या गाडीवर पडला. विकायला काढली की समोरचा म्हणायचा, 'त्या भानगडीतली का?'

पुढचा भाग नीट वाचा, कारण माझा मुद्दा तिथं आहे.

जुलै 2015 मध्ये जनरल मोटर्सच्या प्रमुख मेरी बारा यांनी जाहीर केलं की भारतात एक अब्ज डॉलर गुंतवणार. म्हणजे शंभर कोटी डॉलर, तेव्हाच्या हिशेबानं सहा हजार कोटी रुपयांच्या वर. हालोल बंद करू, पण तळेगाव वाढवू, नवी मॉडेलं आणू. सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर. माणूस ही बातमी वाचतो आणि म्हणतो, चला, कंपनी थांबणार. कर्ज काढतो, गाडी घेतो. आणि 18 मे 2017 ला तीच कंपनी सांगते की वर्षअखेर भारतात गाड्या विकणं बंद. दोन वर्षंही झाली नव्हती. 2016-17 मध्ये देशात विक्री पंचवीस हजारांच्या आसपास उरली होती, निर्यात सत्तर हजारांच्या घरात. म्हणजे तळेगावला बनलेली बीट मेक्सिकोत विकली जाणार, मावळात नाही. धंद्याचा हिशेब म्हणून मी तो समजू शकतो. पण ज्यानं 2017 च्या एप्रिलमध्ये, अक्षय्य तृतीयेला, पाच वर्षांच्या हप्त्यावर गाडी घेतली त्याचा हिशेब कोणी केला? त्याच्या हातात पेढ्याचा बॉक्स अजून शिल्लक असेल.

कंपनीनं वॉरंटी पाळू, सर्व्हिस देऊ असं तेव्हा सांगितलं. आणि लगेच सगळं बंद पडलं असं मीही म्हणत नाही. पण ज्या ब्रँडची नवी गाडी विकायची नाही त्याचं वर्कशॉप कोण किती दिवस चालवणार? साखळी आकसत गेली. जुन्या गाडीची किंमत तर त्या एका बातमीनं संध्याकाळपर्यंत खाली आली. एक निवृत्त गुरुजी सांगत होते, बीट विकायला काढली तर एजंट म्हणाला, गाडी छान आहे गुरुजी, पण फायनान्सवाले शेवरलेवर कर्ज देईनात, रोखीचं गिऱ्हाईक बघावं लागेल. रोखीचं गिऱ्हाईक म्हणजे काय हे विकणाऱ्यालाच कळतं. त्यांनी गाडी विकली नाही. अजून चालवतात, सकाळी भाजी आणायला आणि महिन्यातून एकदा लेकीकडं संगमनेरला. म्हणतात, कुत्र्याला सोडून देतं का कोणी, कंपनी बंद पडली म्हणून?

सेल आणि एन्जॉयवाले त्यातल्या त्यात नशीबवान. त्यांचं तेराशे सीसी डिझेल इंजिन मूळ फियाटचं, स्विफ्टच्या डिझेल इंजिनाचं भावंडच. त्यामुळं मेकॅनिकचा हात बसलेला आहे आणि इंजिनाचे बरेच भाग जुळवता येतात. तवेराचं इंजिन तर जुन्या पद्धतीचं, दणकट. क्लचप्लेट, बेअरिंग, फिल्टर, ब्रेकचं सामान, हे बाहेरच्या कंपन्यांचं मिळून जातं. अडतं ते बाकीच्या गोष्टींवर. हेडलाईट, बंपर, दाराचं कुलूप, काच वर-खाली करायचं मशिन, डॅशबोर्डचा तुकडा, वायरिंग, सेन्सर. जे दुसऱ्या कुठल्याच गाडीला लागत नाही तेच. मग कुर्ल्याचा जुना बाजार, नाहीतर अपघातात गेलेली दुसरी तवेरा. एक गाडी मेली की तिच्यावर चार गाड्या जगतात. नगरच्या एका गॅरेजवाल्यानं कोपऱ्यात एक सांगाडा ठेवलाय, त्याला सगळे 'रक्तपेढी' म्हणतात.

तळेगावच्या कारखान्यातून शेवटची गाडी 24 डिसेंबर 2020 ला बाहेर पडली. कारखाना चीनच्या ग्रेट वॉल कंपनीला विकायचं जानेवारी 2020 मध्येच ठरलं होतं. जून महिन्यात राज्य सरकारबरोबर करारही झाला, आणि त्याच वेळी गलवान घडलं. सगळं लटकलं. 2022 च्या मध्यावर ग्रेट वॉलनं नाद सोडला. 2023 मध्ये ह्युंदाईनं कारखाना घ्यायचा करार केला आणि 2025 मध्ये तिथून त्यांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. तळेगावचे पेढे पुन्हा वाटले गेले, आणि चांगलंच झालं. पण मधल्या काळात 2021 मध्ये चौदाशेच्या आसपास कामगारांना ले-ऑफ मिळाला. त्यांची युनियन कोर्टात गेली, 2023 मध्ये कामगार उपोषणाला बसले. मागणी काय, तर नव्या मालकानं आम्हाला घ्यावं. यंत्रं, शेड, जमीन यांचा करार झाला. जमीन मूळ शेतकऱ्याची, यंत्रावर हात कामगाराचा. करारात हे दोघंच नव्हते.

कोणी म्हणेल, हे सगळीकडं असंच असतं. नाही हो. याच जनरल मोटर्सनं अमेरिकेत आपला ओल्ड्समोबिल हा 1897 पासूनचा ब्रँड 2004 ला बंद केला. 2009 ला कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा पाँटिअ‍ॅक आणि सॅटर्न बंद करायचं ठरलं. तिथल्या गाडीवाल्यांनाही वाईट वाटलं, त्यांच्याही गाड्यांच्या किमती पडल्या. पण ओल्ड्समोबिलवाला आपली गाडी घेऊन शेजारच्या शेवरले किंवा ब्यूकच्या वर्कशॉपला जाऊ शकत होता, कारण आतले अर्धेअधिक भाग सारखे आणि मालक कंपनी तिथंच उभी. आणि तिथल्या राज्यांमध्ये डीलरांना संरक्षण देणारे कायदे असल्यानं ओल्ड्समोबिल बंद करताना डीलरांना कंपनीनं जबर रक्कम मोजली. आपल्याकडं 2017 मध्ये डीलर भरपाई तुटपुंजी म्हणून ओरडत होते. कंपनी तीच. तिथं तिला कायदा आडवा आला, इथं कोणी आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, नगरच्या पत्रकाराला तळेगाव आणि डेट्रॉईटचं काय पडलंय? पुण्याला जाताना खिडकीतून बाहेर बघा. सुप्याला एमआयडीसी वाढतेय, जपानी पार्कचे फलक लागलेत. पुढं रांजणगावला जीप बनते, तीही अमेरिकनच. आपले पुढारी, सगळ्या पक्षांचे, दर निवडणुकीत सांगतात की मोठी कंपनी आणू. आणा की. पारनेरच्या पोरानं बारा तास पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये का काढावेत? पण कंपनी येताना जो करार होतो त्यात जमीन किती, पाणी किती, वीज किती, कर किती वर्षं माफ, हे सगळं असतं. कंपनी जाताना काय करणार, याचा कागद कुठं आहे? सोयरीक जमवताना मानपान बारीकसारीक लिहितो आपण, आणि इथं हजारो कोटींच्या सोयरिकीत फारकतीचा विषय काढणं अपशकून वाटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की गाडी विकणारी कंपनी देशात यायच्या वेळीच एक रक्कम बाजूला ठेवून घ्या, सुट्या भागांसाठी. शेवटची गाडी विकल्यापासून दहा वर्षं, व्यावसायिक गाडीला बारा वर्षं, भाग मिळालेच पाहिजेत. कंपनी राहिली तर तिचे पैसे तिला परत. जाणार असेल तर साचे आणि नकाशे इथल्या एखाद्या कारखान्याला वाजवी दरात देऊन जा. भोसरीत, चाकणला, आपल्या नगरच्या एमआयडीसीत हेडलाईट ओतू शकणारे लोक आहेत. त्यांना साचा मिळत नाही आणि परवानगी नसते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, पोर्टलही काढलं, त्यात मोटारगाड्या आहेत. विषय सरकारला माहीत नाही असं नाही. पण पोर्टलवर माहिती टाकणं वेगळं आणि राहात्याच्या माणसाला डावा हेडलाईट मिळणं वेगळं.

एक उद्योजक मित्र म्हणाला, अशा अटी घातल्या तर कोणी येणारच नाही. मी त्याला विचारलं, तू बँकेकडून कर्ज घेताना बँक तारण मागते, म्हणून तू कर्ज घेणं सोडलंस का? तो हसला, पण पटलं नाही त्याला. त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे. फार कडक अट घातली तर छोटी कंपनी मरेल आणि बाजारात दोनच बलाढ्य उरतील. मग अट गाड्यांच्या संख्येवर ठेवा. बसून ठरवता येईल. आधी बसा तरी.

आणि हे फक्त परदेशी कंपन्यांचं रडगाणं आहे असं समजू नका. हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर 2014 ला बंद झाली, ती देशीच होती. आपल्या दारात बघा. लुना आपल्या नगरची, दौंड रोडच्या कायनेटिकची, 1972 पासूनची. अख्ख्या देशानं चालवली. बंद पडली तेव्हा कायनेटिक चौकाला नाव राहिलं आणि लुना भंगारात गेल्या. पण खेड्यात अजून एखादी फटफट करत जाताना दिसते, कारण तिचं काम सायकलवाल्यालाही जमत होतं. आता ती विजेवर परत आली आहे. आनंद आहे. पण विजेच्या गाडीचं काम सायकलवाल्याला जमणार नाही, हेही खरं.

मला जास्त काळजी त्याचीच आहे. तवेराला निदान सांगाड्यावरून काच काढून लावता येते. आजच्या गाडीत निम्मं काम सॉफ्टवेअरवर चालतं. अमेरिकेत फिस्कर नावाची विजेच्या गाड्यांची कंपनी जून 2024 मध्ये दिवाळखोरीत गेली. वर्षभरापूर्वी घेतलेल्या कोऱ्या गाड्या दारात, आणि अपडेट कोण देणार ते माहीत नाही. शेवटी मालकांनीच एकत्र येऊन संघटना काढली. आपल्या जिल्ह्यात गेल्या चार-पाच वर्षांत विजेच्या स्कूटरचे किती ब्रँड आले, मोजा बरं. सावेडी रोडनं एक चक्कर मारा आणि त्यातली किती शोरूम आज उघडी आहेत तेही बघा. पोरीला कॉलेजला जायला म्हणून सोनं मोडून स्कूटर घेतलेल्या बापाला उद्या बॅटरी मिळाली नाही तर तो कुठल्या बाजारात जाणार?

तर मंडळी, एक काम करू. जिल्ह्यात ज्यांच्याकडं शेवरलेची कुठलीही गाडी आहे, किंवा बंद पडलेल्या कुठल्याही कंपनीची चारचाकी-दुचाकी आहे, त्यांनी मला इनबॉक्सला तीन गोष्टी पाठवा: गाडी कोणती आणि कोणत्या सालची, कोणता भाग मिळत नाही, आणि तो शोधायला किती दिवस आणि पैसे गेले. नाव छापणार नाही. शंभर जणांचं जमलं की एकत्र यादी करून जिल्हा ग्राहक आयोगाच्या कार्यालयात, जिल्हाधिकाऱ्यांकडं आणि आपल्या दोन्ही खासदारांकडं देतो. पोहोच घेऊन तिचा फोटो इथंच टाकतो. गॅरेजवाल्यांनीही लिहा, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि हो, कोणाकडं 2013 च्या तवेराचा डावा हेडलाईट असेल तर आधी तो सांगा. पासिंग मंगळवारी आहे.